रंग पाठ करू नका, दिवे वाचा!

मित्रांनो, पेणच्या रामवाडीहून रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत ट्रेनिंगला जाल, तेव्हा व्हॉल्व्हच्या इलेक्ट्रिक अ‍ॅक्च्युएटरवरचे दिवे नीट वाचा. काही प्लँटमध्ये हिरवा म्हणजे व्हॉल्व्ह उघडा, तर काही ठिकाणी नेमकं उलट! दोन्ही दिवे बंद दिसले की लगेच ‘मोटर जळाली’ म्हणायचं नाही. सप्लाय गेला असेल, बल्ब उडाला असेल, नाहीतर व्हॉल्व्ह अर्ध्यात थांबला असेल. आधी लॅम्प टेस्ट, मग फ्यूज, मग लिमिट स्विच. टॉर्क स्विच ट्रिप झाला असेल तर व्हॉल्व्हच अडकला असू शकतो. बटण दाबत बसू नका. आणि सप्लाय बंद केल्याशिवाय कव्हर उघडायचं नाही. केमिकल प्लँटमध्ये चुकीचा अंदाज जिवावर बेततो. मग व्हायव्हात नुसते रंग कशाला विचारायचे? समोर वायरिंगचं ड्रॉइंग ठेवा आणि बिघाड शोधायला लावा!