तज्ज्ञाला मत नको, लेखणी द्या

महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची विषयपत्रिका नियमाने वाचणाऱ्याला शहर कुठे फुगणार आहे, हे इस्टेट एजंटाच्या आधी कळते. कुठला रस्ता रुंद होणार, कुठल्या जुन्या चाळीच्या जागी टॉवर येणार, मेट्रोचा जिना कुठल्या फुटपाथवर उतरणार, सगळे तिथे असते. फक्त ते झाडांच्या भाषेत लिहिलेले असते: इतकी तोडायची, इतकी पुनर्रोपित करायची, इतकी राखायची. तीन रकाने आणि खाली ‘मंजुरीस्तव सादर’. या तीन रकान्यांतला आकडा इकडचा तिकडे करायला सांगण्याचा अधिकार ज्यांना आहे, त्या सदस्यांविषयी आपण फार कमी बोलतो.

महाराष्ट्रातल्या शहरांसाठी झाडांचा कायदा १९७५ सालचा आहे. त्याने प्रत्येक शहराला वृक्ष प्राधिकरण दिले. महापालिकेत त्याचे अध्यक्ष आयुक्त, सोबत नगरसेवक आणि वृक्षांची जाण असलेले नामनियुक्त सदस्य. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची, रोपवाटिका सांभाळायची, झाड तोडण्याची परवानगी द्यायची किंवा नाकारायची, ही त्यांची कामे. अडचण पहिल्याच खुर्चीपाशी सुरू होते. झाडे तोडायचा अर्ज अनेकदा महापालिकेच्याच पूल किंवा रस्ते खात्याचा असतो आणि तो ऐकायला बसलेले अध्यक्ष त्याच खात्यांचे प्रमुख असतात. अशा मांडवात बाहेरचा, कोणाच्याही हाताखाली नसलेला माणूस हवा, म्हणून तज्ज्ञ सदस्याचे महत्त्व.

मुंबईने हा माणूस बराच काळ बसवलाच नव्हता. झाडांची माहिती असणारे कोणी नसताना प्राधिकरण झाडांचे निर्णय कसे घेते, असा प्रश्न उच्च न्यायालयासमोर आला आणि २०१८ मध्ये न्यायालयाने प्राधिकरणाला निर्णय घेण्यापासून रोखले. मग तज्ज्ञ आले. आणि त्यानंतर काही महिन्यांतच, २९ ऑगस्ट २०१९ रोजी, आरेच्या मेट्रो कारशेडचा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवला गेला. २,६४६ झाडांचा विषय. त्यातली २,१८५ तोडायची, ४६१ दुसरीकडे हलवायची. मतदान झाले, ८ विरुद्ध ६ असा निकाल लागला, प्रस्ताव मंजूर. पाठोपाठ दोन तज्ज्ञ सदस्यांनी राजीनामे दिले. मतदान घाईत उरकले, त्यात आपला गोंधळ झाला, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे होते.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती सुरू झाल्या, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’ म्हणेपर्यंत २,१४१ झाडे आडवी झाली होती. पण मला त्या रात्रीपेक्षा २९ ऑगस्टची दुपार जास्त सतावते. वनस्पतिशास्त्र शिकलेली माणसे बोलावली आणि त्यांच्याकडून काय घेतले? हात वर करणे. पक्षाचा व्हिप असलेल्या नगरसेवकाच्या हाताला जेवढी किंमत, तेवढीच त्यांच्या हाताला. आठ-सहाच्या हिशेबात त्यांचे आयुष्यभराचे शिक्षण एका अंकाएवढे उरले.

म्हणून माझे म्हणणे अनेक पर्यावरणवादी मित्रांना पटणार नाही असे आहे. तज्ज्ञांना प्राधिकरणात मताधिकार नसावा. त्यांच्याकडे लेखणी असावी. प्रत्येक प्रस्तावावर तज्ज्ञाने जागेवर जाऊन, झाडनिहाय, सही करून अभिप्राय लिहावा. तो विषयपत्रिकेला जोडलेला असावा आणि प्राधिकरणाला तो डावलायचा असेल तर का डावलला, हे इतिवृत्तात लिहावे लागावे. मतदानात हरलेले मत इतिवृत्तात एका ओळीचेही धनी होत नाही. कारणांसह लिहिलेला अभिप्राय मात्र न्यायालयात वाचला जातो, वर्तमानपत्रात छापला जातो, दहा वर्षांनी माहिती अधिकारात बाहेर येतो. आयुक्तांना नकाराची सवय असते. कारणे लिहायची वेळ आली की मात्र फाइल चार दिवस टेबलावर थांबते, आणि झाडासाठी ते चार दिवसही थोडे नसतात.

अभिप्रायात नेमके काय लिहायचे, हा प्रश्न कोणाला किरकोळ वाटेल. २०२१ च्या दुरुस्तीने तो चांगलाच महाग केला आहे. या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘हेरिटेज’ वृक्षाचा दर्जा दिला आणि झाड तोडले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावायची अट घातली. ती रोपे सहा ते आठ फूट उंचीची हवीत, सात वर्षे सांभाळायला हवीत. म्हणजे झाडाचे वय हा आता सरळ पैशाचा विषय झाला. साठ वर्षांचे झाड पस्तीसचे दाखवले की पंचवीस झाडांची जागा, पाणी, माळी आणि सात वर्षांचा खर्च वाचला, शिवाय हेरिटेजचे लचांडही टळले. आणि वय ठरवायचे कसे? झाड उभे असताना त्याची वर्तुळे मोजता येत नाहीत. बुंध्याचा घेर मोजून अंदाज करतात. पण सारख्याच घेराचे रेन ट्री आणि चिंच घ्या. रेन ट्री भराभर फोफावणारा, चिंच रेंगाळत वाढणारी. दोघांना एकच मोजपट्टी लावली की चिंच आपली अर्धी वर्षे हरवून बसते. बकुळीचेही तेच. समुद्राच्या वाऱ्यात, काँक्रीटच्या अळ्यात गळा आवळून वाढलेले झाड तर वयाने आणखी खुजे दिसते. हे फरक रकान्यात मावत नाहीत. ते ज्याला दिसतात, त्याच्यासाठीच खुर्ची ठेवली आहे.

पुनर्रोपणाच्या रकान्याचेही तसेच. वड-पिंपळाच्या कुळातली झाडे मुळे तुटली तरी पुष्कळदा तगतात. सोटमूळ खोल गेलेला जुना आंबा किंवा जांभूळ उपटून नेला तर बहुधा नवीन जागी उभ्या उभ्या वाळतो. तरीही प्रस्तावात दोघांपुढे ‘पुनर्रोपित’ हाच शब्द आणि बैठकीत दोघांबद्दल सारखेच समाधान. तोडण्यापेक्षा हलवणे बरे, असे ऐकायला छान वाटते ना! माझ्या मते जगण्याची शक्यता नसलेले झाड ‘तोडायच्या’ रकान्यात लिहावे, म्हणजे आकडा खरा दिसेल आणि लोकांना खऱ्या आकड्यावर भांडता येईल.

तज्ज्ञ नकोतच, प्रकल्प रखडतात, असे म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी एक गोष्ट. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षे नगरसेवकच नव्हते. प्रशासक म्हणून आयुक्त, आणि प्राधिकरणातही आयुक्तच. कोणी अडवणारे नाही, मतदान नाही, राजीनामे नाहीत. याच काळात आरेतल्या उरलेल्या कामासाठी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये मेट्रो महामंडळाला ८४ झाडांसाठी प्राधिकरणाकडे अर्ज करायला मुभा दिली. परवानगी निघाली ती १७७ झाडांची. न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये महामंडळाला दहा लाख रुपयांचा दंड केला, तो वन खात्याकडे भरायला लावला आणि काम अडू नये म्हणून १७७ झाडांची परवानगीही राहू दिली. ८४ चे १७७ कसे झाले, हा प्रश्न अगदी आत, बैठकीच्या खोलीत विचारणारा कोणी असता तर महामंडळाचे दहा लाख आणि न्यायालयाचा वेळ दोन्ही वाचले असते. सल्लागार नसल्याने काम वेगाने होते म्हणणाऱ्यांनी ही बेरीज करून पाहावी.

उलट बाजूही आहे आणि ती सांगायला हवी. सगळेच नामनियुक्त सदस्य अभ्यासू नसतात. काहींना नावापुढे ‘सदस्य’ लावायचे असते, काहींना प्रत्येक झाडाला नाही म्हणायचे असते. पोकळ झालेला, शाळेच्या फाटकावर झुकलेला गुलमोहर वाचवायला धरणे धरणारा सदस्य पुढच्या वडासाठी बोलतो तेव्हा त्याचे कोणी ऐकत नाही. लेखी अभिप्रायाची अट त्याच्यावरही तितकीच कडक पडेल, आणि पडावी.

जैवविविधता व्यवस्थापन समित्यांची गत याहून फिकी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने त्या प्रत्येक स्थानिक संस्थेत असायला हव्या होत्या. त्या खऱ्या हलल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने, काम अपुरे राहिले तर फेब्रुवारी २०२० पासून राज्यांना महिना दहा लाख रुपये भरावे लागतील असे बजावल्यावर. डॉ. माधव गाडगीळांच्या विचारातून आलेली लोक जैवविविधता नोंदवही मग मुदतीच्या धाकाने भरली जाऊ लागली. ज्या नोंदी कोळणींनी, माळ्यांनी, टेकडीवर रोज जाणाऱ्या म्हाताऱ्यांनी सांगायच्या, त्यांना दंड चुकवण्याच्या कागदाचे रूप आले.

जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनी महापालिकांत पुन्हा नगरसेवक आणले आहेत. समित्यांच्या खुर्च्यांसाठी नावे पुढे येतात तेव्हा आपल्या नगरसेवकाला विचारण्यासारखे दोन साधे प्रश्न आहेत: तज्ज्ञाला जागेवर न्यायला पालिका गाडी देणार का, आणि त्याचा अभिप्राय बैठकीच्या किती दिवस आधी वेबसाइटवर लावणार. ऐनवेळचा विषय म्हणून झाडे आणायची नाहीत, हे तिसरे, पण त्यावर सगळे पक्ष हसतील.

तोपर्यंत आपल्या हाती कायद्याने दिलेले दिवस आहेत. झाड तोडण्याआधी वर्तमानपत्रात आणि त्या झाडावरच नोटीस लावावी लागते, आणि हरकतीसाठी किमान सात दिवस द्यावे लागतात. ती नोटीस बहुधा खिळ्याने ठोकलेली असते, तेही चालवून घेऊ. फोटो काढा, हरकत लेखी द्या, झाडाची जात आणि बुंध्याचा घेर तिच्यात लिहा, वय कसे काढले ते विचारा, पाहणी अहवालाची प्रत मागा आणि उद्यान खात्याच्या खिडकीवरून आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका.