‘इळा’ ही चूक कुणाची?

पक्षाघातातून सावरणाऱ्या एखाद्या शेतकऱ्यापुढे आपण चित्रांचा संच ठेवतो. विळ्याचे चित्र पाहून तो ‘इळा’ म्हणतो, विहीर पाहून ‘हीर’. पत्रिकेत दोन ध्वनिदोष नोंदले जातात. वास्तविक पैठण-वैजापूरकडचा हा माणूस जन्मभर असाच बोलत आला आहे. त्या उच्चाराशी मेंदूच्या इजेचा काडीचाही संबंध नाही.

शहागंज-किराडपुऱ्यातल्या दखनी बोलणाऱ्या रुग्णाचे तर जास्तच हाल होतात. त्याला आपण हिंदीच्या साच्यात तपासतो. ‘मैं रोटी खाया’ हे दखनीतले अगदी शुद्ध वाक्य. तिथे ‘ने’ लागत नाही आणि क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. हिंदीच्या निकषावर मात्र तेच वाक्य व्याकरणलोपाचा पुरावा ठरते. उलटही घडते. एखाद्या मराठी बाई ‘पोरगी आला’ म्हणतात, ती खरी खूण असते, पण ‘गावाकडचं बोलणं’ म्हणून सोडून दिली जाते. मराठीसारख्या प्रत्ययबहुल भाषेत वाचाघाताचा रुग्ण प्रत्यय नुसते गाळत नाही, चुकीचे जोडतो. इंग्रजी पुस्तकांतल्या तुटक, तारेसारख्या वाक्यांची वाट पाहत बसलो, तर हे हातून निसटते.

ब्रोका यांनी 1861 मध्ये ‘टॅन’ एवढेच उच्चारू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूतील इजा दाखवली. 1874 मध्ये वेर्निके यांनी घडाघडा पण अर्थहीन बोलणाऱ्यांचा प्रकार मांडला. हे दुसऱ्या प्रकारचे रुग्ण आजही ‘भ्रमिष्ट’ म्हणून भलत्याच दारी नेले जातात. या पायावर आपण उभे आहोत, पण आपल्याकडच्या बहुभाषिक माणसाचे मोजमाप अजून आपल्यालाच करायचे आहे. हैदराबादेत सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी 608 पक्षाघातग्रस्तांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध केला. बौद्धिक क्षमता शाबूत राहिलेल्यांचे प्रमाण द्विभाषिकांत 40.5 टक्के, तर एकभाषिकांत 19.6 टक्के होते. वाचाघाताच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत फरक आढळला नाही. म्हणजे दोन-तीन भाषा येणाऱ्यालाही वाचाघात चुकत नाही, आणि कोणती भाषा किती उरली हे प्रत्येक भाषेत तपासल्याशिवाय कळत नाही.

म्हणून आग्रह एवढाच: केसपेपरवर ‘मातृभाषा : मराठी’ लिहून थांबू नका. घरात, शेतात, बाजारात रुग्ण काय बोलत होता, शाळा कोणत्या माध्यमाची होती, हे बायको-मुलांना विचारा. आजारापूर्वीचे त्याचे व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप बहुतेक घरांत सापडतात. त्याहून चांगला आधार कोणत्याही छापील चाचणीत नाही. घरच्यांची परवानगी घेऊन ते ऐका आणि मगच गुण द्या. पाढे किंवा आरती सलग म्हणता येते म्हणून भाषा शाबूत आहे, असेही धरू नका.

मराठवाडी आणि दखनी बोलींतील नेहमीच्या वस्तूंची नावे, उच्चारभेदांसह, वाचकांनी आमच्याकडे पाठवावीत. चित्रसंचासोबत वापरता येईल अशी यादी आम्ही या पानांतून क्रमाने छापू. रुग्णाची ओळख पटेल असा कोणताही तपशील त्यात नसावा.