कोलंबोपासून फातोर्ड्यापर्यंत : शेजाऱ्यांशी फुटबॉल खेळायचा की नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या फातोर्ड्याच्या मैदानावर भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशिया चषकाचे दार आपल्यासाठी बंद झाले. महिन्याभराने, १८ नोव्हेंबरला, ढाक्यात बांगलादेशने आपल्याला १-० असे हरवले. बावीस वर्षांत त्यांनी भारताला हरवण्याची ही पहिलीच वेळ. मंडळात भेटलेल्या प्रत्येकाकडे याचे एक कारण तयार होते. कोणी प्रशिक्षकाला दोष देत होते, कोणी वेळेवर सुरू न झालेल्या लीगला. दोन्हींत तथ्य आहे. आमच्या मनात मात्र ढाक्याच्या नावाने दुसरेच एक जुने खाते उघडले.

ते खाते कोलंबो चषकाचे. भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन अशा चार देशांची ही फुटबॉल स्पर्धा १९५२ मध्ये कोलंबोत सुरू झाली. १९५३ मध्ये ती रंगूनला झाली, १९५४ मध्ये कलकत्त्याला आणि १९५५ मध्ये ढाक्याला. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे, म्हणजे एकूण सहा सामने. बस्स, एवढीच योजना. पहिल्या वर्षी भारत आणि पाकिस्तान संयुक्त विजेते ठरले, पुढची तिन्ही वर्षे चषक एकट्या भारताकडे आला.

काळ कोणता होता ते पाहा. चारही देशांना स्वातंत्र्य मिळून पाच-सहाच वर्षे झाली होती. काश्मीरमधली पहिली लढाई १९४९ च्या जानेवारीत थांबली होती आणि फाळणीची माणसे अजून छावण्यांतून पुरती बाहेर पडली नव्हती. (आमचा गोवा तर तेव्हा पोर्तुगीजांच्याच ताब्यात.) अशा वेळी हे दोन संघ दरवर्षी एकमेकांसमोर उभे राहत होते, तेही एकमेकांच्या गावी जाऊन. १९५२ मध्ये पाकिस्तानचा क्रिकेट संघ पहिल्यांदा भारतात आला, ते सर्वांना ठाऊक असते. त्याच वर्षी कोलंबोत सुरू झालेला फुटबॉल कोणाच्या लक्षात नाही. १९५५ च्या सुरुवातीला आपला क्रिकेट संघ पाकिस्तानात पाच कसोटी खेळला आणि पाचही अनिर्णित राहिल्या. दोन्ही बाजूंना हरण्याचीच भीती जास्त होती, असे जाणकार सांगतात. फुटबॉलच्या चषकाला निदान निकाल तरी लागत होता.

आपल्या संघाला याचा उपयोग काय झाला? १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले होते, पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला. आपले काही खेळाडू तेव्हा अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट आले आणि सय्यद अब्दुल रहीम यांनी संघ नव्याने बांधला. १९५६ ला मेलबर्नमध्ये हाच देश ऑलिम्पिकमध्ये चौथा आला. उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपल्या आसगावच्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले, हे गोव्यात वेगळे सांगायला नको. हे सारे कोलंबो चषकामुळे घडले असा आमचा दावा नाही. पण या दोन ऑलिम्पिकच्या मधली चारही वर्षे आपला संघ न चुकता आंतरराष्ट्रीय सामने खेळत होता. आवर्ती ठेवीसारखे आहे हे. हप्ता छोटा असतो, पण चुकवायचा नसतो.

१९५५ नंतर हप्ता थांबला. शेजाऱ्यांची पुढची नियमित स्पर्धा १९९३ मध्ये लाहोरला सुरू झाली, म्हणजे मध्ये अडतीस वर्षे गेली. तीच आज 'सॅफ' नावाने ओळखली जाते. १९९९ मध्ये ती फातोर्ड्याला झाली, तेव्हा आम्ही शाखेतले चौघे-पाच जण दिवसाची रोकड जुळवून धावतपळत मैदान गाठायचो. १ मे रोजी अंतिम सामन्यात भारताने बांगलादेशला २-० असे हरवले. पाकिस्तानचा संघही तेव्हा गोव्यात येऊन गेला होता. त्याच महिन्यात कारगिल सुरू झाले.

त्यानंतरचे वेळापत्रक पाहिले की जुना हिशेबनीस अस्वस्थ होतो. १९९९ नंतर थेट २००३, २०१५ नंतर २०१८, मग २०२१. भारताने ही स्पर्धा नऊ वेळा जिंकली. शेवटची २०२३ मध्ये बेंगळुरूला. तिथे व्हिसाला उशीर झाल्याने पाकिस्तानचा संघ सामन्याच्या दिवशीच पोचला आणि सुनील छेत्रीच्या तीन गोलांसह ४-० असा हरला. अशा विजयाचे आम्हाला फारसे कौतुक नाही. उलट, नऊ चषकांनी आपल्याला थोडे सुस्तच केले असावे.

आता प्रश्न पुढचा. पहलगामनंतर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने धोरण जाहीर केले : पाकिस्तानशी द्विपक्षीय खेळ बंद, बहुराष्ट्रीय स्पर्धांत खेळायला हरकत नाही. लगेच सप्टेंबरात दुबईला क्रिकेटचे दोन्ही संघ तीनदा भिडले, हस्तांदोलन न करता. ज्यांच्या घरातली माणसे गेली त्यांना खेळण्याचा निर्णय टोचला असेल, आणि त्यांच्याशी वाद घालण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण धोरण हेच असेल, तर ते क्रिकेटला एक आणि फुटबॉलला दुसरे असू नये. क्रिकेटच्या सामन्यासाठी तिसऱ्या देशातले मैदान लगेच मिळते, कारण त्यात पैसा आहे. फुटबॉलमध्ये तो नाही, म्हणून शेजाऱ्यांची स्पर्धा पुढे ढकलली तरी कोणी हूं की चूं करत नाही. नेपाळ, मालदीव, श्रीलंका, भूतान यांचा या भांडणात काय दोष?

आपल्या महासंघाने 'सॅफ'च्या बैठकीत एकच मागणी लावून धरावी, असे आम्हाला वाटते : दर दोन वर्षांनी, ठरलेल्या महिन्यात, यजमान आधीच ठरवून ही स्पर्धा व्हावी, आणि एखाद्या संघाला यजमान देशात येणे शक्य नसेल तर त्याचे सामने कोलंबो किंवा काठमांडूला खेळवावेत. १९५२ मध्ये तारेने आणि टपालाने हे जमत होते. फातोर्ड्याचे मैदानही आहे तिथेच आहे.