पशुवैद्यकाची नोंदणी आणि शेतकऱ्याचे पशुधन

परभणी जिल्ह्यातील काळ्या जमिनीची मशागत अजूनही पुष्कळ ठिकाणी बैलांच्या खांद्यावर चालते. लाल कंधारी किंवा देवणी जातीच्या जोडीतील एक बैल ऐन पेरणीच्या तोंडावर दगावला, तर लहान शेतकऱ्याचा सारा हंगामच हातचा जातो. म्हणून गुरांवर उपचार कोणी करावा, हा प्रश्न केवळ पशुवैद्यकांच्या मानाचा नाही. तो शेतकऱ्याच्या पोटाचा आहे.

या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिलेले आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० अन्वये हा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावयाचा आहे. जनावराच्या आरोग्याच्या दाखल्यावर सही करण्याचा व न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देण्याचा अधिकारही त्यालाच आहे. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी यांसारख्या किरकोळ सेवा पदविका किंवा प्रमाणपत्र धारण करणाऱ्यांना देता याव्यात, अशी सवलत राज्य शासनास देता येते. महाराष्ट्रात तसा आदेश २००९ मध्ये निघाला. मात्र ही कामे नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व्हावयाची आहेत, ही त्यातील मुख्य अट होय.

शिक्षणाच्या बाबतीत झालेली प्रगती समाधानकारक आहे. मुंबईस १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. मराठवाड्यास मात्र परभणीच्या महाविद्यालयासाठी १९७२ पर्यंत वाट पाहावी लागली. आज पदवीचा अभ्यासक्रम प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासह साडेपाच वर्षांचा असून त्याचे किमान दर्जे देशभर एकच आहेत. म्हणजे व्यवसायाच्या पुढील दाराशी पहारा चोख आहे. परसदार मात्र उघडे राहिले आहे.

त्या दाराने येणाऱ्या चुकीच्या उपचाराची किंमत मोठी असते. फाशी रोगाने मेलेल्या जनावराचे शव फाडू नये, हे ज्यास ठाऊक नाही तो रोगाचे बीज जमिनीत पेरतो, आणि ते तेथे वर्षानुवर्षे टिकते. माणसालाही त्यापासून धोका असतो. प्रतिजैविकांची मात्रा अंदाजाने दिली, तर औषधाचा अंश दुधात उतरतो आणि पुढे तेच औषध रोगजंतूंवर चालेनासे होते. डायक्लोफेनॅक टोचलेल्या जनावरांची शवे खाऊन गिधाडे नष्ट होऊ लागली, तेव्हा २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घालावी लागली. सुई टोचणे सोपे आहे. ती केव्हा टोचू नये हे कळण्यास विद्या लागते.

यावर असे म्हटले जाते की, मध्यरात्री गाय अडली असता नोंदणी नसलेला मनुष्यच गोठ्यात येतो, दवाखान्याचा डॉक्टर येत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. जिंतूर किंवा पालम तालुक्यातील दूरच्या वाडीवर डॉक्टर वेळेवर पोचत नसेल, तर तेथे केवळ बंदीचा हुकूम पाठविल्याने गाय सुटत नाही. परंतु यावरून कायदा सैल करावा असे निष्पन्न होत नाही. कायद्यास हातपाय द्यावेत, एवढेच निष्पन्न होते.

त्यासाठी चार गोष्टी आवश्यक आहेत. दवाखान्यांतील रिक्त पदे प्रथम भरली जावीत व फिरत्या पथकाची सोय दूरच्या वाड्यांपर्यंत पोचावी. पदविकाधारकाची देखरेख कागदावर न राहता कोणत्या गावासाठी कोणता पशुवैद्यक जबाबदार आहे, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेले असावे. नागपूर येथील महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदवही सामान्य शेतकऱ्यास सहज पाहता यावी. आणि तक्रार करण्याचा मार्ग तालुक्याच्या गावीच उपलब्ध व्हावा. बैल गमावलेल्या माणसास नागपूरची वाट धरावयास सांगणे म्हणजे त्यास गप्प बसण्यास सांगणे होय. यांपैकी पहिली गोष्ट न करता केवळ कारवाईचा बडगा उगारला, तर उपचार चोरून होतील, थांबणार नाहीत.

शेतकरी बंधूंचेही काही कर्तव्य आहे. उपचार करणाऱ्यास त्याचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच मानू नये. त्यात त्याचा अपमान नाही. दिलेले औषध, मात्रा व तारीख लिहून घ्यावी आणि दूध किती दिवस विकू नये हे विचारावे. विमा उतरविलेले जनावर दगावल्यास पशुवैद्यकाकडून रीतसर शवविच्छेदन व दाखला घेतल्यावाचून शव पुरू नये. मात्र मृत्यू अचानक होऊन नाकातोंडातून काळसर रक्त आले असेल, तर शवास हात न लावता प्रथम पशुवैद्यकास कळवावे.

बी घेताना आपण पिशवीवरील शिक्का पाहतो. ज्या हाती आपला बैल सोपवावयाचा, त्या हाताची पारखही तितक्याच काळजीने करणे युक्त आहे.