लोहगड राहू द्या, एकदा कुडलला चला

जुलै लागला की हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर ट्रेकचा कागद लागतो. लोहगड, राजमाची, नाहीतर हरिश्चंद्रगड. रात्रीची गाडी, दिवसभर चढ-उतार, धुक्यातले फोटो आणि सोमवारच्या पहिल्या लेक्चरला अर्धा वर्ग झोपलेला. त्याला आपला विरोध नाही, सह्याद्री तो सह्याद्रीच. पण तो कागद वाचताना कोणीतरी हमखास म्हणतो, "आपल्या सोलापुरात काय आहे बे फिरायला? ऊन आणि चादरी!" या वाक्याला मात्र सक्त विरोध आहे.

मित्रांनो, सोलापूरपासून साधारण ४० किलोमीटरवर, दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल आहे. इथे सीना भीमेला मिळते. दोन नद्या जवळजवळ येत जातात आणि मधली जमीन निमुळती होत संगमावर संपते. म्हणजे एका नदीच्या काठाने जायचं, संगमावर भाकरी सोडायची आणि दुसऱ्या नदीच्या काठाने परत यायचं. आल्या वाटेने परतायचा कंटाळा नाही. हा सरळ त्रिकोण आहे. पाया जितका वरच्या अंगाला धराल तितका फेरा मोठा. पाय किती चालतात ते बघून ठरवा.

कोणी बांधलेली वाट नाही, पाट्या नाहीत. बांधावरून, उसाच्या कडेने, वेड्या बाभळीतून वाट काढत जायचं. चढ म्हणाल तर नावालाच. पण काळी माती पावसात बुटाला किलो-किलोने चिकटते, म्हणून दिवाळीनंतरच जा. डिसेंबर-जानेवारी उत्तम, ओळख असेल तर वाटेत हुरडाही मिळेल.

संगमावर हरिहरेश्वर आणि संगमेश्वर ही दोन जुनी देवळं आहेत. हरिहरेश्वराच्या उत्खननात सापडलेलं बहुमुखी शिवलिंग पाहाच. एका दगडावर ३५९ मुखं कोरली आहेत. आपल्याला ड्रॉइंग शीटवर एक आयसोमेट्रिक धड जमत नाही, तिथे कोण्या कारागिराने हे छिन्नीने केलं, आणि खोडरबर नव्हतं! संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचेच अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. आद्य मराठी लेखांची गोष्ट निघाली की अक्षी, श्रवणबेळगोळ यांच्यासोबत कुडलचं नाव येतंच. पहिला कोणता यावर पंडितांनी भांडावं. मला मजा वाटते ती वेगळीच. भीमेचा समोरचा काठ कर्नाटकाचा, गावात कन्नड सर्रास बोललं जातं, 'कुडल' हे नावच कन्नड, अर्थ संगम. आणि मराठीचा इतका जुना पुरावा नेमका इथे! सीमेवरून भांडणाऱ्यांनी एकदा इथे येऊन बसावं.

पण देवळांसाठीच जायचं तर गाडीनेही जाता येईल. चालायचं ते नदीसाठी.

शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आपण महापालिकेला शिव्या देतो आणि बादल्या भरतो. त्या पाण्याचा एक रस्ता या भीमेतूनच येतो. उजनीतून नदीत पाणी सोडायचं, ते वाटेत जिरत, उडत, उपसलं जात औजच्या बंधाऱ्यात यायचं आणि टाकळीहून पंपाने शहरात. हे पाणी पोचावं म्हणून काठावरच्या शेतीपंपांची वीज तोडली जाते. काठाने चालताना दर थोड्या अंतरावर मोटारी, पाइप आणि स्टार्टरच्या पेट्या दिसतात. त्यातल्या एखाद्या मोटारीपाशी उभं राहिलं की कळतं, आपली बादली आणि कोणाचा तरी ऊस एकाच पाण्यावर नजर ठेवून आहेत. ऊस इतका लावावा का, हा प्रश्न योग्यच आहे. पण तो शहरात बसून विचारणं सोपं आणि बांधावर उभं राहून विचारणं अवघड. आता पाइपलाइनवर भर आहे. नदीतून वाया जाणारं पाणी वाचेल, इंजिनिअर म्हणून मला ते पटतंही. मात्र पाणी पाइपातून आलं की नदीकडे बघायचं शहराला कारणच उरत नाही, याची भीती वाटते. मग पात्रात वाळू उपशाचे खड्डे किती पडले हे विचारणार कोण?

आणि ही सीना म्हणजे मरतुकडी नदी, असं समजणाऱ्यांनी सप्टेंबर २०२५ आठवावा. त्या पुरात लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद ठेवावा लागला होता. पुराचं पाणी कुठवर चढलं होतं ते विचारा. काठावरची माणसं बोटाने दाखवतात, बहुतेक वेळा आपल्या डोक्याच्या वर.

सिव्हिलचा सर्व्हे कॅम्प कॉलेजच्या त्याच मैदानात, त्याच फ्लॅगपोलभोवती दरवर्षी होतो. रीडिंग्ज तर सीनियरच्या जर्नलमधूनच उतरतात. तो कॅम्प कुडलला न्या. दोन नद्यांच्या पात्रांची लेव्हल घ्यायला लावा, कॉपी करायला मागच्या वर्षीचं जर्नलच मिळणार नाही. बाकी ब्रँचवाल्यांनी रविवारी नुसतं चालायला यावं. शेंगाची चटणी, कडक भाकरी, माणशी तीन लिटर पाणी, डोक्याला टोपी. पोहायला उतरू नका, ते खड्डे वरून दिसत नाहीत. बांधावरून जाण्याआधी शेतमालकाला विचारा. मामा म्हणा, नाही म्हणत नाहीत.