बॅटरीवाल्यांचा विमानप्रवास

जळगावहून उडणारी विमानं लहान आहेत. साधारण सत्तर आसनांचं एटीआर ७२, दोन्ही बाजूंना गरगरणारे पंखे आणि डोक्यावरचे सामानाचे कप्पे अरुंद. मोठ्या विमानात सहज मावणारी चाकांची बॅग इथे पुष्कळदा बसत नाही. मग विमानाच्या पायऱ्यांपाशीच कर्मचारी ती मागून घेतात आणि सामानकक्षात ठेवतात. प्रवाशालाही बरं वाटतं, ओझं कमी झालं म्हणून. पण त्या बॅगेत वडिलांसाठी घेतलेली जबरदस्त उजेडाची बॅटरी आणि तिचे दोन सुटे सेल असतील, तर नेमक्या त्या क्षणी नियम मोडला जातो. सुटे लिथियम सेल सामानकक्षात ठेवायला जगभर मनाई आहे. तपासणीच्या यंत्रातून बॅग सुखरूप सुटलेली असते, आणि चूक होते ती त्यानंतर, विमानापासून चार पावलांवर.

खानदेशात चांगल्या बॅटरीची ओढ नुसत्या हौसेतून आलेली नाही. रावेर, यावल, सावदा, फैजपूर या पट्ट्यात केळीला पाणी भरपूर लागतं आणि शेतीपंपाची वीज पाळीनं येते. रात्रीची पाळी लागली की शेतकरी मध्यरात्री मोटार चालू करायला बाहेर पडतो. केळीच्या दाट बागेत दिवसाही लांबचं दिसत नाही. रात्री तर पायाखाली साप, बांधावर रानडुक्कर आणि डोंगराच्या किंवा नदीच्या अंगानं बिबट्या. २०१७ च्या उत्तरार्धात चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी एका बिबट्यानं अनेकांचे जीव घेतले. अखेर डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ पासून राबवला जातो आहे. तरी रात्रीचं पाणी भरणं अजून पुरतं सुटलेलं नाही.

एके काळी घरोघरी एव्हरेडीची किंवा जीपची तीन सेलची लांब बॅटरी असायची. पिवळा उजेड, सेल उतरले की लालसर. आता फेनिक्स, नाइटकोर, ओलाइट अशा चिनी कंपन्यांच्या वीतभर लांबीच्या बॅटऱ्या तीन-चार हजार लुमेन उजेड देतात. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब साधारण तेराशे ते सोळाशे लुमेन द्यायचा, त्यावरून अंदाज यावा. किंमत काही हजार रुपये. पुण्यात, हैदराबादेत नोकरी करणारी मुलं सुट्टीला घरी येताना अशी बॅटरी घेऊन येतात, आणि तिच्यामागे रात्री बांधावरून चालणाऱ्या बापाची काळजी असते.

ही मुलं आता विमानानं येऊ लागली आहेत. जळगाव विमानतळाचं उद्घाटन २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झालं. नियमित प्रवासी विमानासाठी मात्र २०१७ चा डिसेंबर उजाडला. प्रादेशिक विमानसेवेच्या 'उडान' योजनेत मुंबईची सेवा सुरू झाली, खंडित झाली, पुन्हा आली, पुन्हा थांबली. २०२४ च्या एप्रिलपासून फ्लाय ९१ या विमान कंपनीनं गोवा आणि हैदराबाद जोडलं, पाठोपाठ पुणे आलं. धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी सेवा नाही. धुळेकर पारोळा, एरंडोल ओलांडून जळगाव गाठतात, नाहीतर नाशिकचं ओझर. अशा प्रवाशांत पहिल्यांदाच विमानात बसणारे पुष्कळ असतात. त्यांना नियम नीट, त्यांच्या भाषेत सांगितला गेला पाहिजे.

तर नियम काय आहे? बॅटरी विमानात नेता येते. तिच्या उजेडावर बंदी नाही, लुमेनची मर्यादा नाही. सुरक्षा यंत्रणेचा सगळा प्रश्न तिच्या पोटातल्या सेलचा आहे, आणि थोडा तिच्या धातूच्या अंगाचा.

सेलचं माप वॅट-तासात धरतात. हिशेब सोपा आहे: सेलवर लिहिलेले मिलिअँपिअर-तास गुणिले व्होल्ट, भागिले हजार. या बॅटऱ्यांत '१८६५०' किंवा '२१७००' नावाचे सेल असतात. पहिले दोन आकडे जाडी, पुढचे दोन लांबी, मिलिमीटरमध्ये. ५,००० मिलिअँपिअर-तास आणि ३.६ व्होल्टचा २१७०० सेल म्हणजे १८ वॅट-तास. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही. १०० ते १६० च्या दरम्यान विमान कंपनीची मंजुरी आधी घ्यावी लागते आणि सुटे नग दोनच नेता येतात. १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. म्हणजे एका सेलची बॅटरी निर्धास्त. असे चार सेल एकत्र बांधलेल्या बॅटरीचे ७२ होतात, तीही चालते. आठ सेलांचा जोड असलेली अवाढव्य बॅटरी मात्र १४४ वर जाते, आणि ती कंपनीला न विचारता घेऊन निघालं तर दारातून परत फिरावं लागू शकतं.

सुटे सेल जवळच का ठेवायचे, हे अनेकांना उलटं वाटतं. धोकादायक वस्तू माणसांपासून लांब नको का? कारण सेलच्या रसायनात आहे. लिथियम सेलच्या आत दोन टोकांना वेगळं ठेवणारा पातळ पडदा असतो. मार लागून, दोष राहून किंवा बाहेरून दोन्ही टोकं नाण्या-किल्लीनं जोडली जाऊन सेल अती तापला की तो पडदा वितळतो. मग आतली रसायनं स्वतःच उष्णता आणि ज्वालाग्राही वायू सोडू लागतात. काही रसायनांतून प्राणवायूही सुटतो. एक सेल पेटला की शेजारचा तापतो, आणि ही मालिका चालत राहते. सामानकक्षात आग विझवणारा वायू सोडायची सोय असते. तो ज्वाळा दाबतो, पण सेल थंड करत नाही, आणि उडत्या विमानात तिथवर कोणी पोहोचू शकत नाही. प्रवासी कक्षात धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून सेल थंड करू शकतात.

हे सगळं महागात पडलेल्या अनुभवातून शिकलं गेलं आहे. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेलं यूपीएस कंपनीचं मालवाहू ७४७ विमान आगीत कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. त्या मालात लिथियम सेल मोठ्या प्रमाणात होते. प्रवासी विमानांतून लिथियम-आयन सेल माल म्हणून नेण्यावर एप्रिल २०१६ पासून जगभर बंदी आली. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणापूर्वीच डोक्यावरच्या कप्प्यातून पेटलं. आतले १७६ जण जिवंत बाहेर पडले, विमान जळालं. पॉवर बँकेतल्या बिघाडाची शक्यता तपासात पुढे आली, आणि मार्चपासून त्या देशानं पॉवर बँक कप्प्यात ठेवायला मनाई केली. आपल्याकडे १९ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या इंडिगोच्या विमानात, ते धावपट्टीकडे जात असतानाच, पुढच्या आसनाच्या खिशातली पॉवर बँक पेटली. कर्मचाऱ्यांनी ती लगेच विझवली, कारण ती डोळ्यांसमोर होती.

बॅटरीचा आणखी एक स्वतंत्र धोका आहे: बटण दाबलं जाणं. तीन हजार लुमेनची बॅटरी कपड्यांच्या घडीत चालू राहिली तर काच आणि भोवतालचं कापड काही मिनिटांत भाजून निघतं. आंतरराष्ट्रीय नियमांत उष्णता निर्माण करणाऱ्या वस्तूंचा वेगळा उल्लेख आहे. पाण्याखाली वापरायचे दिवे त्यात नावानिशी येतात. त्यांना कंपनीची मंजुरी लागते आणि सेल किंवा तापणारा भाग वेगळा करावा लागतो. इतर शक्तिशाली बॅटऱ्यांनाही हीच काळजी लागू पडते. बहुतेक चांगल्या बॅटऱ्यांचं मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की वीज तुटते, कारण आट्यांवरचा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर वीज वाहू देत नाही. झाकण सैल करून बटण दाबून पाहावं. उजेड आला नाही म्हणजे काम झालं. सेल काढून वेगळा ठेवला तर आणखी उत्तम.

राहता राहिलं अंग. तपासणीच्या पडद्यावर जाड धातूची नळी गडद दिसते आणि तिच्या आतलं नीट दिसत नाही. म्हणून कर्मचारी बॅग उघडायला सांगतात. ते त्यांचं काम आहे, त्यात संशयाचा अपमान मानू नये. काही बॅटऱ्यांच्या तोंडाला प्रहारासाठी दातेरी कडा असते, काही दंडुक्याइतक्या लांब असतात. अमेरिकेत मॅगलाइटच्या लांब बॅटऱ्या पोलीस दंडुक्यासारख्या वापरत आले. मारायला वापरता येईल अशी वस्तू हातातल्या बॅगेत नेऊ द्यायची की नाही, याचा शेवटचा निर्णय तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा असतो. अशी बॅटरी सेल काढून सोपवायच्या बॅगेत घालावी आणि सेल तेवढे जवळ ठेवावेत. वाद घालून उपयोग होत नाही, नुसता वेळ जातो.

सगळ्यात जास्त काळजी बिनलेबलाच्या मालाची वाटते. आठवडी बाजारात डोक्याला बांधायच्या चार्जिंगच्या बॅटऱ्या दीड-दोनशे रुपयांत मिळतात. त्यांतल्या काही सेलांवर ९,९०० मिलिअँपिअर-तास असं छापलेलं असतं. १८६५० आकाराच्या सेलमध्ये चांगल्या कंपनीलाही साडेतीन-चार हजारांपुढे जाता आलेलं नाही, तेव्हा तो आकडा खोटा आहे हे उघड आहे. ज्या सेलचा आकडाच खोटा, त्याच्या आतल्या संरक्षक जोडणीवर भरवसा कसा ठेवायचा? आणि ज्यावर काहीच लिहिलेलं नाही, त्याचे वॅट-तास अधिकाऱ्यानं मोजायचे कसे? शेतात असे सेल वापरणं धोक्याचंच आहे, विमानात तर ते आणूच नयेत. भुसावळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा विमानतळाच्या वाटेवर बंद गाडीच्या काचेखाली सेल ठेवणंही टाळावं.

प्रवाशाला करायचं ते थोडकंच आहे. सेल नावाजलेल्या कंपनीचे, आकडा वाचता येईल असे घ्यावेत. सुटा प्रत्येक सेल प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावा, डबी नसेल तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी. डबी बॅगेच्या वरच्या खणात असावी, म्हणजे तपासणीत लगेच काढता येते आणि एटीआरच्या पायऱ्यांपाशी बॅग मागितली तर एका हातानं उचलून जवळ घेता येते.

बाकीचं काम दुसऱ्यांचं आहे. पायऱ्यांपाशी बॅग घेताना कर्मचाऱ्यांनी प्रत्येकाला मराठीत विचारावं: बॅगेत सुटे सेल किंवा पॉवर बँक आहे का? आणि जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या, धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या दुकानदारांनी महागडी बॅटरी विकताना सेलची डबी सोबत द्यावी आणि बिलावर वॅट-तासांचा आकडा लिहून द्यावा.