फादो : मद्यगृहांतील मौन

लिस्बन शहरांत आल्फामा नांवाचा जुना, चढउतारांचा मोहल्ला आहे. तेथील लहान लहान भोजनगृहांत रात्रीं फादो गाइला जातो. दहापंधरा मेजें, बहुतेकांवर द्राक्षांच्या तांबड्या मद्याचे पेले. हें वाचून आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल; पण गाण्याची वेळ झाली कीं दिवे मंद होतात, पेले खालीं ठेवले जातात, वाढपीसुद्धां जागच्या जागीं थांबतो. बारा तारांची पोर्तुगीज गिटार व सहा तारांची साधी गिटार, एवढीच साथ. काळी शाल पांघरलेली गायिका डोळे मिटून गाऊं लागते. तिच्या स्वरांत गेलेल्या माणसांची हुरहूर असते. तिला ते लोक ‘सौदाद’ म्हणतात.

या मौनाचें विशेष वाटतें तें गाण्याचें कुळ पाहिलें म्हणजे. फादो म्हणजे दैव. एकोणिसाव्या शतकांत खलाशांच्या व वेश्यांच्या वस्त्यांत तो वाढला. त्याची पहिली ख्यातनाम गायिका मारिया सेव्हेरा ही स्वतः वेश्या होती. १८४६ सालीं ती ऐन तारुण्यांत वारली. तिच्या वाट्यास कीर्ति आली, प्रतिष्ठा नाहीं. पुढें लहानपणीं धक्क्यावर फळें विकणारी आमालिया रॉद्रिगेश १९९९ सालीं वारली, तेव्हां देशानें तीन दिवस दुखवटा पाळला, आणि २००१ सालीं तिचे अवशेष राष्ट्राध्यक्षांच्या पंक्तीला राष्ट्रीय समाधिमंदिरांत नेले.

गोव्यांतहि फादो गातात. पणजीस जाल तर एखादी बैठक अवश्य ऐका. पेल्यांत कोकमाचें सरबत असलें तरी गायिकेची हरकत नसते. बोलण्याची मात्र असते.